आधी पुसायला शीक

सतरा वर्षं असं चाललं होतं. माजिवड्यात कुणाच्या दारी मांडव पडला, की माझ्या आजीला कावळा शिवायचा. मांडवाच्या सकाळी ती घोंगडी घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायची, ती नवरी सासरी जाईपर्यंत. जेवण लांबून सरकवलेलं, पाणी वरून ओतलेलं. आत हळद, गाणी, खिदळणं, आणि ही बाहेर गुडघ्यात मान घालून. सख्ख्या दिराचं लग्नसुद्धा तिनं असंच भिंतीपलीकडून ऐकलं. गावातल्या बाया काही दूधखुळ्या नव्हत्या. "रतनचा कावला आवतन घेऊनच येतो," असं त्या तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

रतन म्हणजे माझ्या आईची आई. या गोष्टीपुरती मी तिला रतनच म्हणणार आहे, कारण ही घडली तेव्हा ती तिशीची होती आणि मी जन्मायची होते. तिचा नवरा दौलत मिठागरावर कामाला. गरीब स्वभावाचा माणूस, दर लग्नात एकटा जेवून यायचा आणि कधी काही विचारायचा नाही. त्यानं विचारलं असतं तर रतननं त्याला कदाचित सांगितलं असतं. पण न विचारणाऱ्या माणसाला लोक चांगला म्हणतात, त्याला कोण काय करणार?

कावळा खोटा होता. खरं कारण होतं चौक.

आमच्या आळीत लग्नाच्या आदल्या दिवशी देवाच्या खोलीतली एक भिंत गेरूनं सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठीनं चौक लिहीत. लिहीतच; 'काढत' असं कुणी म्हणत नसे. मोठी चौकट, आत नवरा-नवरी, घोडा, वर चंद्र-सूर्य, भोवतीनं वेल. शिंदीची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि सवाष्णींनी मिळून भिंत भरायची. जिचा नवरा गेला तिनं भिंतीला बोट लावायचं नाही, त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही. आणि जिचा जिवंत आहे तिनं "मला येत नाही" म्हणायचं नाही. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की आईशेजारी बसून ठिपके द्यायला लागे, आणि तिचं स्वतःचं लग्न होईतो तिला सगळं येई. भाकरी येत नाही म्हटलं तर लोकांनी एक वेळ कीव केली असती. चौक येत नाही म्हटल्यावर काय म्हणतील, हे बघायला रतन थांबली नाही.

तिला का येत नव्हतं, ते सांगते. तिचं माहेर मानपाड्याचं, डोंबिवलीच्या पलीकडचं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या आत्याचं लग्न निघालं. आत्याचं नाव शेवंती, वय चौदा. चौक लिहिताना कुणीतरी कौतुकानं रतनच्या हातात काडी दिली. "नवऱ्याचा डोका तू कर गो." डोकं म्हणजे काय, एक गोल. रतनच्या हातून त्याचं वांगं झालं. ती घाबरली आणि तिनं तळहातानं ते पुसलं. ओल्या गेरूवर पांढरा फरांटा उठला आणि नवरा बिनडोक्याचा उभा राहिला. एका म्हातारीनं तिथल्या तिथे तिच्या थोबाडीत दिली. मग कुणीतरी त्या फरांट्यावरच दुसरं डोकं बसवलं आणि लग्न लागलं.

पुढच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि शेवंतीचा नवरा गेला. लोकांना ताबडतोब ते डोकं आठवलं. आमच्या लोकांत विधवेचा पाट लावतात, दुसरं घर करायला कुणाची ना नसते. पण माहेरी परतलेल्या शेवंतीला मागायला कुणी आलं नाही. पुसलेल्या डोक्याची गोष्ट तिच्याआधी गावोगाव पोचली होती.

रतनला नावानं कुणी दोष दिला नाही, पोर होती म्हणून सोडून दिलं. पण तिला कळत होतं. आपल्या तळहातानं एक माणूस मारला, हे घेऊनच ती तेराव्या वर्षी माजिवड्याला नांदायला आली. आता पुन्हा काडी धरायची आणि हात चुकला तर कुणाचा नवरा जाईल? दौलतचाच नंबर लागला तर? हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर असल्या हाताची सून दुसऱ्या दिवशी माहेरी गेली असती. म्हणून कावळा. आणि माहेरी गेली की शेवंती अंगणात दिसली रे दिसली, ही मागच्या दारानं पाणी आणायला जायची. भरलेला हंडा ओतून पुन्हा भरायला जायची. एकवीस वर्षांत तिनं आत्याच्या तोंडाकडे नीट बघितलं नाही.

मग माझ्या आईचं, जयाचं, लग्न ठरलं.

दौलतची चुलती सखुबाई ही आळीतल्या सगळ्या चौकांची मालकीण. कुणी कुठली रेघ ओढायची ते ती सांगायची. लग्नाला तीन आठवडे होते. लग्नाचे तांदूळ पाखडायला अंगणात पंधरा-वीस बाया जमल्या होत्या, तेव्हा सखुबाई सूप न थांबवता म्हणाली, "रतन, नवरीच्या आईची पहिली रेघ असतं. तुना माहीत हाय ना?"

"हाय," रतन म्हणाली.

"मंग आयक. या बारीला तुजा कावला आला, त तो उडून जाईपर्यंत मांडव उबा राहील. चार दिस पाहुनं बसतील त्याची वाट बघत."

बाया अशा हसल्या की दोघींच्या हातून सुपं कलंडली. रतनही हसली, काय करणार? पण जया तिथेच खडे निवडत होती. ती हसली नाही, मान खाली घालून तेच तांदूळ पुन्हापुन्हा निवडत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "आये, माज्या लग्नात तरी आत बस ना." माझी आई मला सांगायची, तेव्हा रतन नुसतं तिच्या डोक्यावरचं भुसकट झटकत राहिली, डोक्यावर एक कणसुद्धा उरला नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी माहेरचं आवतण द्यायचं निमित्त करून ती निघाली. खोपट गावच्या शेतांतून ठाण्याच्या ठेसनावर, तिथून डोंबिवली. तिथे आगगाडी नुकती थांबायला लागली होती. वाटभर ती एकच विचार करत होती, की शिकवायला कुणाला सांगायचं? भावजयीला? पोरीचं लग्न तोंडावर आलेली बाई, आणि "मला गोल काढायला शिकव" म्हणणार? भावजयीनं संध्याकाळपर्यंत विहिरीवर सांगितलं असतं. जी कुणाला सांगणार नाही अशी सगळ्या मानपाड्यात एकच बाई होती, कारण तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. रतन शेवंतीकडे गेली ती मायेनं नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. आजीनंच मला तसं सांगायला लावलं आहे.

शेवंती रतनच्या भावाच्या घरामागं एका खोपटीत राहायची. रतन दारात उभी राहिली तेव्हा ती चुलीपाशी होती. वळून न बघताच म्हणाली, "आवतन द्याला आलीस? मना कशाला? राघोला दे." राघो म्हणजे रतनचा भाऊ.

"आत्या, मना चौक येत नाय."

हे वाक्य रतननं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं. तिला वाटलं होतं आभाळ कोसळेल. शेवंतीनं फक्त चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मंग माज्याकडं कशाला? मी भिंतीला हात लावत नाय."

"तुना येत होता. सगल्यांत चांगला तुना येत होता."

 शेवंतीनं चुलीतली गार राख पुढं ओढली, जमिनीवर तळहातानं पसरली आणि बोटानं चार रेघांत एक घोडा उभा केला. मान वळवलेला, निघायच्या तयारीतला. रतन दोन पावलं मागं सरली.

"राखंत? लग्नाचा घोडा राखंत?"

"मना भिंत कोन देतंय? एकवीस वरसां राखंतच लिहितंय. रोज लिहितंय न् रोज पुसतंय. बस खाली. नवरा लिही."

रतन बसली. बोट टेकलं. चौकोनी अंग, दोन पाय, दोन हात, हे कसंबसं झालं. मग बोट मानेपाशी येऊन थांबलं. शेवंती वाट बघत होती. "न् डोका?"

तेव्हा रतनला रडू फुटलं. हुंदक्यांत तिनं सगळं सांगितलं. तो गोल, तो फरांटा, ती थोबाडीत. "माज्या हातानं तो गेला. तुजा मानूस मी मारला, आत्या."

शेवंतीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू ही बाई भलत्याच भाषेत बोलते आहे.

"तो पटकीनं गेला गो. त्या सालात गावातली बारा मानसा गेली. बाकीच्या अकरा जनांचं डोकं कोनी पुसलं होतं?"

 एकवीस वर्षांत हा साधा हिशेब रतनच्या डोक्यात आला नव्हता. मग शेवंती हळूच म्हणाली, "म्हनून तू तोंड चुकवायचीस? मना वाटायचं, मी रांडावलेली, म्हनून बघत नायस."

आजी मला हे सांगायची तेव्हा इथं नेहमी थांबायची. पाण्याचा तांब्या मागायची, पाणी प्यायची नाही. ती म्हणायची, थोबाडीत खाल्ली होती त्याची लाज एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. आपण आपल्याच भीतीत इतक्या गुंतलो होतो, की समोरच्या बाईला काय वाटत असेल हे कधी मनातही आलं नाही. आपल्याला वाटत होतं आपण अपराधी म्हणून तोंड लपवतोय; आणि तिला दर खेपेला विधवा म्हणून टाळल्याचा घाव बसत होता. तोही सख्ख्या भाचीकडून.

शेवंतीनं मात्र ते वाढवलं नाही. "डोका लिही," म्हणाली. रतननं लिहिलं. पुन्हा वांगंच झालं. "आता पूस."

"नको."

"आधी पुसाला शीक. ज्येला पुसता येत नाय त्येला लिहिता येत नाय. पूस."

रतननं डोळे मिटून हात फिरवला. शेवंतीनं तिला तेच दहा वेळा करायला लावलं. नवरा लिही, डोकं लिही, पूस. प्रत्येक खेपेला रतनच्या डोळ्यांपुढं दौलत यायचा, मिठाच्या खाचरात तोंडावर पडलेला. त्या दिवशी तिला चौकाची एक रेघ धड आली नाही, पण राखेवर हात फिरवताना डोळे उघडे राहायला लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दौलत खरोखरच मानपाड्याला येऊन धडकला. राघोला मांडवाचे वासे सांगायचे होते. दारात उभा राहून घाम पुसत त्यानं पाणी मागितलं. त्या दोन दिवसांत रतननं त्याचं डोकं निदान पन्नास वेळा पुसलं होतं. त्याला धडधाकट उभा बघून ती आधी हसली आणि मग रडायला लागली. बायको आपल्याला बघून का रडते हे बिचाऱ्याला कळेना. त्यानं पाणी पिऊन मुकाट्यानं परतीची वाट धरली.

पाच दिवसांत रतनला चौकट आली, वेल आली, नवरा-नवरी ओळखू येण्याजोगे आले. घोडा शेवंतीसारखा नाही जमला, पण घोडाच वाटला, बकरी नाही. निघताना तिनं आत्याचे दोन्ही हात धरले. "तू येच लग्नाला. तू नाय आलीस त मना जमाचा नाय." शेवंती नको-नको म्हणत होती. लग्नात विधवेला काय काम? पण रतननं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

चौकाच्या दिवशी देवाची खोली बायांनी भरली होती. सखुबाईनं पिठीची वाटी रतनच्या हातात दिली तेव्हा बाहेर भाजी चिरणाऱ्या बायांच्या विळ्यासुद्धा ऐकू येत होत्या. त्या विळ्यांपैकी एक शेवंतीची होती. उंबऱ्याबाहेर, पडवीत, इतर विधवांबरोबर ती बसली होती.

रतननं पहिली रेघ ओढली. थोडी वाकडी, पण ओढली. मग चौकट पुरी केली. मग नवऱ्यापाशी आली, अंग झालं, हातपाय झाले, आणि डोकं एका बाजूला कललं. नऊ वर्षांची असताना झालं होतं तसंच. कुणीतरी चुकचुकलं. रतननं काडी खाली ठेवली, तळहात टेकला आणि सगळ्यांदेखत ते डोकं पुसलं. "अगो बाय!" म्हणून एक-दोघींनी तोंडाला पदर लावला. रतननं कोपऱ्यातल्या वाटीतला गेरू बोटावर घेतला, फरांटा झाकला, तो सुकेपर्यंत फुंकर मारली आणि पुन्हा गोल लिहिला. या वेळी बरोबर बसला. हात कापत होता का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "कापत होता त काय, गोल गोलच होता."

गोष्ट इथं संपली असती तर मी ती तुम्हाला अभिमानानं सांगितली असती.

रतननं घोडा लिहिला. मान वळवलेला, निघायच्या तयारीतला. सखुबाई पुढं वाकून बघत राहिली. तिचा आवाज बदलला. "असा घोडा आपल्या गावात कोन लिहित नाय. कोनी शिकवला गो तुना?"

सगळ्या बाया ऐकत होत्या. जया कोपऱ्यात हळदीच्या अंगानं बसली होती, आईकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की रतनला तिच्याकडे बघवेना. विधवेनं शिकवला, तोही राखेत, असं म्हटलं तर? सखुबाईनं सगळी भिंत खरवडून काढली असती. लग्नाच्या आदल्या दिवशी. जयाच्या देखत.

"माज्या आईनं," रतन म्हणाली.

सखुबाईचा विश्वास बसला नसावा. सतरा वर्षं ज्या बाईला कावळा शिवला तिला आईनं शिकवलं होतं म्हणे! तिनं तिथूनच मान वळवून पडवीत हाक दिली, "शेवंती, तू हिच्या माहेरची ना? खरा काय गो, हिची आई लिहायची?"

एका विळीचा आवाज थांबला.

"लिहायची त," शेवंती म्हणाली. "तिच्यावानी हात आमच्या गावान नव्हता."

विळी पुन्हा सुरू झाली. रतनची वारलेली आई बिचारी ठिपकेसुद्धा वाकडे द्यायची, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. उरलेली वेल रतननं कशी भरली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. सगळ्यांनी वाहवा केली. सखुबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ज्या कौतुकासाठी सतरा वर्षं जीव तळमळला होता ते असं तोंडावर मिळत होतं, आणि तिला तिथून उठून पडवीत जाऊन बसावंसं वाटत होतं. खऱ्याखुऱ्या कावळ्यासकट.

लग्न लागलं. जया सासरी कल्याणला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती निघाली. राघो पुढं गेला होता. मागच्या अंगणात रतननं तिला गाठलं. "आत्या, काल मी..." एवढंच तिच्या तोंडून आलं.

"लगीन नीट लागला ना? मंग झाला." शेवंतीनं गाठोडं काखेत मारलं. चार पावलं गेली आणि थांबली. पाठ तशीच ठेवून तिनं विचारलं, "घोडा कसा आला गो? दारातून बघते. आत नाय येत."

देवाच्या खोलीच्या दारात सखुबाई पाय पसरून पान खात बसली होती. आणखी दोघी-तिघी होत्या. त्यांना उठवायचं, एका विधवेला उंबऱ्यापर्यंत आणायचं, ती तिथं का आली ते सांगायचं. रतननं मागं वळून त्या बायांकडे बघितलं. फार वेळ नाही बघितलं, एक श्वास घेऊन सोडावा एवढाच. परत तोंड फिरवलं तेव्हा शेवंती अंगणाबाहेर पोचली होती.

तिला हाक मारता आली असती. रतन स्वतःच म्हणायची, हाक मारता आली असती. ज्या बाईनं भरल्या खोलीत नवऱ्याचं डोकं पुसून दाखवलं तिला "थांब" एवढा एक शब्द काढता आला नाही.

आजीचा मला फार राग यायचा. तिला मी एकदा तोंडावर विचारलं, मग तू नंतर का नाही गेलीस, का नाही आणलीस तिला? ती म्हणाली, रोज जाणार होते. आवतणं पाठवली, गणपतीत, शिमग्यात, भाताच्या कापणीनंतर. राघो येऊन सांगायचा, आत्याचे गुडघे दुखतात. स्वतः मानपाड्याला जाऊन तिच्या समोर उभं राहायचं धाडस मात्र झालं नाही. चौकाची भिंत आम्ही दिवाळीत सारवतो. रतननं ती तीन दिवाळ्या सारवू दिली नाही. सखुबाई ओरडली, दौलत पहिल्यांदाच चिडला, पण ती हटली नाही. आत्या येईल, दारातून का होईना बघेल, म्हणून. पिठी गळत गेली, आधी वेल गेली, मग नवरीचे हात.

चौथ्या दिवाळीच्या आधी राघो सांगावा घेऊन आला, की शेवंती गेली. रतन मानपाड्याला गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावजय खोपटी झाडत होती. चुलीतली राख तिनं टोपलीत भरून उकिरड्यावर नेऊन टाकली.